कागदावरची हवा आणि छातीतली हवा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांनी मला यंदा हृदयविकारावर बोलण्याची सूचना केली होती. मी विषय बदलून मागितला आणि त्यांनी तो दिला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. विषयाचे नाव ऐकून काहींचा हिरमोड होईल. कामाच्या जागी श्वासावाटे शरीरात जाणारी द्रावके, म्हणजे आपण ज्यांना सरसकट 'थिनर' म्हणतो ते पदार्थ, आणि अंगमेहनत करीत असताना शरीर त्यांचे काय करते, हा तो विषय. मी या शास्त्रातला संशोधक नाही, साधा चिकित्सक आहे. पण या विषयाकडे मला एका माणसाने वळविले, आणि त्याची हकीकत सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला योग्य वाटत नाही.

२००८ सालच्या उन्हाळ्यात मी येथे आखातात एका कंपनीच्या दवाखान्यात नोकरीला होतो. कंपनीचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण चूक माझी होती. जहाजदुरुस्तीच्या गोदीत रंगकाम करणारा एक तरुण माझ्याकडे येई. यवतमाळ जिल्ह्यातला, वय तिशीच्या आत, वजन जेमतेम पंचावन्न किलो. जहाजाच्या पोटातील पाण्याच्या टाक्यांना आतून इपॉक्सी रंग देणे हे त्याचे काम. तक्रार एकच : दुपारनंतर डोके दुखते, मळमळते, शिडीवर चढताना पाय आपला वाटत नाही. संध्याकाळी कॅम्पवर आला की तासाभरात बरे वाटते. मी रक्तदाब पाहिला, रक्त तपासले, काही सापडले नाही. सुरक्षा विभागाकडे विचारणा केली. त्यांनी टाकीतल्या हवेच्या मोजणीचा कागद दाखविला. झायलीनचे प्रमाण ठरवून दिलेल्या मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी होते. मी त्या तरुणाला सांगितले, "हवा तपासली आहे, सगळे बरोबर आहे. उन्हाचा त्रास आहे, पाणी जास्त पी." त्याच्या खिशात ॲस्पिरिनची पट्टी असे. ती घ्यायलाही मीच संमती दिली.

तीन आठवड्यांनी तो टाकीतल्या शिडीवरून खाली आला तो पडूनच. दोन्ही टाचांची हाडे मोडली. उपचार झाले, हिशेब झाला, तो गावी गेला. पुढे दोन वर्षांनी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला मी नागपूरला होतो. दीक्षाभूमीच्या गर्दीत कुणीतरी मागून "डॉक्टरसाहेब" म्हणून हाक मारली. तोच होता, हातात काठी. जयभीम झाला, मुलाबाळांची चौकशी झाली. निघताना त्याने अगदी साधेपणाने विचारले, "साहेब, कागदावर तर सगळं बराबर होतं ना?"

त्या प्रश्नात आरोप नव्हता. म्हणूनच तो मला टाळता आला नाही.

आता त्या कागदाकडे पाहू. त्यावर हवेचा आकडा होता. दशलक्ष भाग हवेत झायलीनचे भाग किती, एवढेच तो सांगत होता. परंतु मनुष्य हवा नुसती अंगावर घेत नाही, ती छातीत ओढतो, आणि किती ओढतो हे तो काय काम करीत आहे यावर ठरते. खुर्चीवर बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. तोच शिडीवर उभा राहून हात डोक्यावर उचलून रोलर फिरवू लागला, सामान ओढू लागला, की हा आकडा वीस-तीस लिटरवर जातो. फारच जड कामात पन्नासच्या पुढे. म्हणजे एकाच टाकीत, एकाच हवेत दोन माणसे असतील, एक बसून नोंदी करणारा आणि एक रंग देणारा, तर कागदावर दोघांची हवा एक, पण छातीत दोघांची हवा वेगळी.

थोडा हिशेब मांडतो. मुलांनी वही काढली तरी चालेल. हवेत झायलीन दशलक्ष भागांत ५० भाग आहे असे धरू. वजनाच्या भाषेत ते घनमीटरला सुमारे २१७ मिलिग्रॅम होते. आत घेतलेल्या झायलीनपैकी साधारण ६० टक्के शरीरात राहते, बाकीचे उच्छ्वासाबरोबर परत जाते. मेहनतीत हे प्रमाण किंचित खालीवर होते, ते तूर्त सोडून देऊ. बसलेला माणूस मिनिटाला सात लिटरच्या हिशेबाने आठ तासांत ३.३६ घनमीटर हवा घेईल. त्याच्या शरीरात सुमारे ४४० मिलिग्रॅम झायलीन राहील. रंगाऱ्याने चार तास तीस लिटरच्या आणि चार तास पंधरा लिटरच्या गतीने श्वास घेतला तर त्याची हवा होते १०.८ घनमीटर, आणि शरीरात राहिलेले झायलीन सुमारे १४०० मिलिग्रॅम. तिपटीहून अधिक. आठ तासांच्या पाळीत कामगार दहा घनमीटर हवा घेतो असे गृहीत धरण्याचा प्रघात या शास्त्रात आहे, म्हणजे मी काही अतिशयोक्त आकडा घेतलेला नाही.

या गोष्टीचा पद्धतशीर अभ्यास स्वीडनमध्ये झाला. स्टॉकहोम येथे इर्मा ऑस्ट्रांड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात निरोगी स्वयंसेवकांना एका जागी रोवलेल्या सायकलीवर बसविले, तोंडाला नळी लावून त्यातून टोल्युईन, स्टायरीन, झायलीन, मिथिलीन क्लोराइड अशा द्रावकांची मोजून मापून वाफ दिली आणि पायडलचा भार टप्प्याटप्प्याने वाढवीत रक्तातील व उच्छ्वासातील प्रमाण तपासले. टोल्युईनवरील त्यांचा पहिला निबंध १९७२ चा आहे. भार वाढला की शरीरात जाणारे द्रावक वाढते, हे त्यांनी आकड्यांनिशी दाखविले. मी तेव्हा बालवाडीतही नव्हतो. म्हणजे २००८ साली 'हे ठाऊक नव्हते' असे म्हणण्याची सोय मला नव्हती. ठाऊक होते, मी वाचले नव्हते.

परंतु सगळी द्रावके सारखी वागत नाहीत, आणि येथून विषय खरा रंजक होतो. रक्ताला त्या द्रावकाची ओढ किती, हा कळीचा मुद्दा. हेक्झेनसारखा पदार्थ रक्तात फारसा विरघळत नाही. थोड्या वेळात रक्त त्याने भरते आणि मग जेवढे आत जाते त्यातले बहुतेक तसेच बाहेर येते. अशा पदार्थाच्या बाबतीत श्वास दुप्पट केला तरी शरीरातला साठा दुप्पट होत नाही. झायलीन, स्टायरीन यांचे तसे नाही. त्यांच्यासाठी रक्त म्हणजे कोरडी जमीन, जेवढे पाणी सोडाल तेवढे पिणारी. एक लिटर हवेत जेवढे झायलीन असते त्याच्या पंचवीस-तीस पट एक लिटर रक्तात मावते. येथे श्वास वाढला की साठा जवळजवळ त्याच प्रमाणात वाढतो.

हा साठा शरीरात कोठे जातो हे सांगण्यासाठी शास्त्रज्ञांनी शरीराचे एक गणिती प्रतिरूप तयार केले आहे. त्याची कल्पना जुनी आहे. उप्साला येथील टॉर्स्टन टेओरेल यांनी १९३७ मध्ये औषधांच्या संदर्भात ती मांडली. संगणक हाताशी नव्हते, म्हणून ती बरीच वर्षे कागदावर राहिली. १९८४ मध्ये रॅम्से आणि अँडरसन यांनी स्टायरीनसाठी असे प्रतिरूप करून उंदरावरचे निष्कर्ष माणसाला कसे लावावेत हे दाखविले. स्वीडनच्या गुन्नार योहान्सन यांनी त्यात शारीरिक श्रमाचा विचार घातला आणि पुढे हे सगळे गणित कार्यालयात जमाखर्चासाठी वापरतात त्या साध्या तक्त्याच्या संगणक-कार्यक्रमातही करता येते हे दाखवून दिले.

आपल्यातील बहुतेकांचे आईवडील किंवा आजीआजोबा शेतात राबलेले आहेत, म्हणून मी पाटाच्या पाण्याचे उदाहरण घेतो. हृदय म्हणजे पाटाचे तोंड. त्यातून मिनिटाला पाच-सहा लिटर रक्त सुटते. ते चार वाफ्यांना वाटायचे : मेंदू-मूत्रपिंडासारखे सदा ओले असलेले अवयव, स्नायू, चरबी आणि यकृत. प्रत्येक वाफ्याचा हिशेब एकच : आलेले वजा गेलेले म्हणजे मुरलेले. फक्त यकृताच्या वाफ्यात आणखी एक वजाबाकी, कारण तेथे झायलीनचे विघटन होते. हा हिशेब मिनिटामिनिटाला पुढे चालवीत न्यायचा, की पाळीच्या शेवटी कोणत्या अवयवात किती आहे ते कळते. गणित एवढेच.

आता माणूस कष्टाला लागला की पाटावर काय होते पाहा. सुटणारे रक्त पाच-सहा लिटरवरून दहा, पंधरा लिटरवर जाते. ते कुणाच्या वाट्याला येते? स्नायूंच्या. स्वस्थ बसले असता त्यांना लिटरभर मिळत होते, आता त्यांना सिंहाचा वाटा. यकृताच्या वाट्याला स्वस्थ स्थितीत दीड लिटरच्या आसपास रक्त येते. कष्ट वाढत जातात तसा तो वाटा घटत जातो, अतिकष्टात निम्म्याच्याही खाली उतरतो. भर उन्हाळ्यात त्वचा थंड ठेवण्यासाठी शरीर तिकडे रक्त वळविते, तेव्हा यकृताच्या वाट्याला आणखी कमी येते. झायलीनचे विघटन करण्यात यकृत मोठे तरबेज आहे. त्याच्याकडे रक्त आले की त्यातले बरेचसे ते लगेच उचलते. पण रक्तच आले नाही तर ते करणार काय? म्हणजे ज्या घटकेला छाती तिप्पट झायलीन आत ओढीत असते, नेमक्या त्याच घटकेला ते साफ करणारी मोरी अर्धी बुजलेली असते. रक्तातील पातळी दोन्ही बाजूंनी चढते. मेंदूला मिळणारे रक्त कष्टात फारसे बदलत नाही, पण त्या रक्तातच झायलीन वाढलेले असते, आणि मेंदू मेदाने समृद्ध असल्याने ते तेथे चटकन शिरते. तोल सांभाळण्याची शक्ती आधी जाते. फिनलंडमध्ये हेलसिंकी येथील स्वयंसेवकांवरील प्रयोगांतही झायलीनमुळे शरीराचा तोल बिघडतो हे दिसून आले होते. खुर्चीवरच्या माणसाला याचा अर्थ थोडी गुंगी. शिडीवरच्या माणसाला याचा अर्थ काय, ते मी सांगितलेच आहे.

चरबीचा वाफा वेगळ्या जातीचा. त्याला रक्त कमी मिळते, पण झायलीनची ओढ फार. तो म्हणजे अरुंद तोंडाचा रांजण : सावकाश भरतो आणि सावकाश रिकामा होतो. काम सुटल्यावर रक्तातले झायलीन पहिल्या तासा-दीड तासात झपाट्याने उतरते, म्हणूनच त्या तरुणाला कॅम्पवर गेल्यावर बरे वाटे. पण त्यानंतरचा उतार मंद असतो. वीस ते तीस तासांनी पातळी निम्मी होते, इतका मंद. दुसऱ्या दिवशीची पाळी सुरू होते तेव्हा रांजणात कालचे शिल्लक असते. आठवड्याच्या शेवटी ते सर्वांत जास्त असते.

येथे मला कामाच्या तासांविषयी दोन शब्द बोलायचे आहेत. हवेतील मर्यादा ठरविताना 'आठ तास काम आणि सोळा तास विश्रांती' असे धरलेले असते. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना १९४६ साली कारखाना कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने बारमाही कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणला. आपण तिच्याकडे हक्काच्या दृष्टीने पाहतो आणि ते योग्यच आहे. पण उरलेल्या तासांत शरीर रांजण उपसत असते, हेही लक्षात घ्यावे. ओव्हरटाइम धरून बारा तासांची पाळी झाली तर दोन्हीकडून तोटा : भरण्याचा वेळ वाढला आणि उपसण्याचा घटला. ब्रीफ आणि स्काला या दोघांनी १९७५ मध्ये यासाठी एक साधे सूत्र दिले. त्यानुसार बारा तासांच्या पाळीला आठ तासांची मर्यादा थेट निम्मी करावी लागते. माझ्या रुग्णाची पाळी बारा तासांची होती. त्या कागदावरच्या मर्यादेला मी तेव्हाच दोनाने भागले असते, तर 'निम्म्याहून कमी' या शब्दांतला दिलासा तेथेच संपला असता.

शिवाय तो आकडा तरी कोठल्या हवेचा होता? मी पुढे चौकशी केली. मोजणी सकाळी, टाकीच्या तोंडाशी झाली होती. झायलीनची वाफ हवेपेक्षा जवळजवळ पावणेचार पट जड असते, ती तळाला बसते. आणि तापमान २० अंशांवरून ४५ अंशांवर गेले की झायलीनचा बाष्पदाब सुमारे चौपट होतो. सकाळी तोंडाशी मोजलेली हवा आणि दुपारी तळाशी घेतलेला श्वास यांचा एकमेकांशी फारसा संबंध नव्हता. खरी मोजणी कामगाराच्या कॉलरला लावलेल्या छोट्या पंपाने, पाळीभर, त्याच्या नाकाजवळच्या हवेची करावी लागते. येथे उन्हाळ्यात १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर, उन्हात काम बंद ठेवण्याचा नियम आहे, तो चांगला आहे. पण टाकीच्या पोटात ऊन नसते, उष्मा असतो.

प्रतिरूपाची मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर मी एका कागदाच्या जागी दुसरा कागद पुढे केल्यासारखे होईल. या गणितातला 'प्रमाण माणूस' सत्तर किलोचा आहे, आणि मूळ मोजमापे बव्हंशी युरोपातल्या तरुण, निरोगी स्वयंसेवकांची आहेत. शिडी चढून रोलर फिरवायला जो प्राणवायू लागतो तो मुख्यतः कामावर ठरतो. म्हणून पंचावन्न किलोचा माणूस तेच काम करताना जवळपास तेवढीच हवा ओढतो, पण ती लहान शरीरात वाटली जाते. दर किलोमागे त्याचा वाटा मोठा. स्त्रियांच्या शरीरात चरबीचे प्रमाण निराळे, त्यांचा रांजण निराळा. तरीही हे गणित निरुपयोगी नाही. अमेरिकेत १९९७ साली मिथिलीन क्लोराइडची मर्यादा दशलक्ष भागांत ५०० वरून २५ वर आणली गेली, तेव्हा धोक्याच्या मोजमापात अशाच प्रतिरूपाचा आधार घेतला होता. जुना रंग खरवडण्याच्या द्रवातील हा पदार्थ शरीरात कार्बन मोनॉक्साइड तयार करतो. तेथे २०२४ मध्ये त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी घालण्यात आली. आपल्या घरात जुन्या लाकूडसामानाचा रंग काढण्याचा डबा असेल तर त्यावरची पत्रिका आज रात्रीच वाचावी.

आता ॲस्पिरिनविषयी. ही गोष्ट मला सर्वांत जास्त टोचते. यकृत झायलीनचे आधी एक आम्ल करते आणि मग त्याला ग्लायसिन जोडून ते लघवीवाटे बाहेर टाकते. लघवीतील हा पदार्थ, मिथाइल हिप्युरिक आम्ल, पाळीच्या शेवटी मोजला की शरीरात किती झायलीन गेले याचा अंदाज येतो. ही तपासणी हवेच्या मोजणीपेक्षा मला अधिक विश्वासार्ह वाटते, कारण तिच्यात माणसाचा श्वास, त्याचे कष्ट, त्याचे तास हे सगळे आपोआप येते. पण ॲस्पिरिनलाही शरीराबाहेर जायला ग्लायसिनच लागते. दोघे एकाच दारात उभे राहतात. ॲस्पिरिन घेतलेल्या माणसाच्या लघवीत हे आम्ल सुमारे निम्म्यावर येते, असे १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आढळले. म्हणजे झायलीनने डोके दुखते, म्हणून माणूस ॲस्पिरिन घेतो, आणि त्यामुळे तपासणीचा अहवाल प्रत्यक्षापेक्षा स्वच्छ येतो. त्या तरुणाची लघवी मी तपासली नाही. पण तपासली असती, तर माझ्याच संमतीच्या गोळीने मला आणखी एकदा फसविले असते. मद्याचेही तसेच. मद्य घेऊन झायलीनच्या हवेत गेलेल्या स्वयंसेवकांच्या रक्तात झायलीन दीड ते दोन पट चढले होते. पाचवे शील आपण रोज म्हणतो. रंगाऱ्याच्या बाबतीत यकृतही त्याला अनुमोदन देते.

मुखपट्टीविषयी मला वारंवार विचारले जाते. कापडाची किंवा कागदाची पट्टी धूळ अडवते, वाफ अडवीत नाही. वाफेसाठी कोळशाची डबी असलेला मुखवटा लागतो, आणि ती डबी जोरात श्वास घेतल्याने, उष्म्याने व दमटपणाने लवकर संपते. ज्याला तिची सर्वांत जास्त गरज, त्याचीच आधी संपते. बंद टाकीत तर बाहेरून नळीने आणलेली स्वच्छ हवाच हवी, आणि तळातली हवा खेचून घेणारा पंखा. हे मागणे म्हणजे नखरे नव्हेत. मागणाऱ्याला परत पाठवतील ही भीती मला ठाऊक आहे. म्हणून एकट्याने मागू नये, आणि शक्य तेथे डॉक्टरच्या चिठ्ठीवर मागावे. चिठ्ठी लिहायला मी आहे.

या सभागृहात अभियंते आहेत, लेखापाल आहेत, बँकेत काम करणारे आहेत, याचा मला अभिमान आहे. पण मागच्या रांगांत असेही भाऊ बसले आहेत जे फर्निचरच्या कारखान्यात पॉलिश मारतात, छापखान्यात रोलर पुसतात, गाड्यांना स्प्रे देतात. भोजनाच्या टेबलाशेजारी मी एक वही ठेवली आहे. तीत नाव लिहिण्याची गरज नाही. काम कोणते, तास किती, डब्यावर काय लिहिले आहे, आणि डोके दिवसाच्या कोणत्या वेळी दुखते, एवढेच लिहावे. डब्यावरच्या पत्रिकेचा फोटो असेल तर उत्तम. लघवीची तपासणी करून घ्यायची असेल त्यांनी नमुना आठवड्याच्या शेवटच्या पाळीनंतर द्यावा, सुटीनंतरच्या सकाळी नव्हे, आणि त्याआधी दोन दिवस ॲस्पिरिन घेऊ नये. डोके दुखले तर गोळीआधी मला फोन करावा.